विश्लेषण : वॉशिंग मशीन बिघडले, की फक्त अडले? मेकॅनिकला बोलावण्याआधी काय तपासावे?

टॉप लोड वॉशिंग मशीन धुणे अर्धवट टाकून थांबले, की पहिला फोन मेकॅनिकला जातो. कधी तो एखादी जाळी साफ करतो, नळी सरळ करतो आणि ‘व्हिजिट चार्ज’ घेऊन जातो. कधी ‘बोर्ड गेलाय’ एवढे एकच वाक्य ऐकून हजारो रुपयांचा खर्च मान्य करावा लागतो, कारण ते खरे की खोटे हे पडताळण्याचे साधन ग्राहकाकडे नसते. मशीन कोणत्या टप्प्यावर थांबले, हे समजले तर बरेच प्रश्न घरीच सुटतात आणि जे सुटत नाहीत त्यांच्याबाबत मेकॅनिकशी नीट बोलता येते. ते कसे ओळखायचे, कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात लावायचा नाही, याविषयी.

दुरुस्तीची चर्चा आता का?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट ठरवण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यासाठी निवडण्यात आली. वॉशिंग मशीन यातल्या तिसऱ्या गटात येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय ग्राहक दिनी यासाठीचे पोर्टल सुरू झाले. कंपन्यांची सेवा केंद्रे, वॉरंटीच्या अटी, सुटे भाग यांची माहिती एका ठिकाणी मिळावी, हा त्यामागचा हेतू. मे २०२५ मध्ये ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांका’बाबतचा अहवाल विभागाला सादर झाला. एखादी वस्तू किती सहज उघडता येते, तिचे भाग मिळतात का, दुरुस्तीची माहिती उपलब्ध आहे का, यावर तिला गुण द्यायची ही कल्पना आहे. मात्र सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून सुचवण्यात आली आहे. वॉशिंग मशीनच्या खोक्यावर असे गुण दिसेपर्यंत ग्राहकाला स्वतःच्या माहितीवरच भिस्त ठेवावी लागणार.

मशीन आत नेमके काय करते?

पूर्ण स्वयंचलित टॉप लोड मशीनचे काम चार टप्प्यांत चालते: पाणी घेणे, घुसळणे, पाणी सोडणे आणि पिळणे. पाणी घ्यायला मागच्या बाजूला विजेवर उघडणारा इनलेट व्हॉल्व्ह असतो. पाणी किती भरले, हे बारीक नळीतल्या हवेच्या दाबावरून सेन्सर ओळखतो. घुसळायला तळाशी फिरणारी चकती, म्हणजे पल्सेटर असतो. पाणी सोडायला ड्रेन व्हॉल्व्ह किंवा पंप असतो आणि पिळताना आतला संपूर्ण ड्रम वेगाने फिरतो. या सगळ्यावर कंट्रोल बोर्ड, म्हणजेच पीसीबी, लक्ष ठेवतो. ठरलेल्या वेळेत एखादा टप्पा पूर्ण झाला नाही, की बोर्ड मशीन थांबवतो आणि पडद्यावर कोड दाखवतो.

हा कोड म्हणजे कुठला भाग जळाला याची बातमी नसते, कुठला टप्पा अपुरा राहिला याची असते. उदाहरणार्थ, एलजीच्या मशीनवर ‘आयई’ म्हणजे पाणी पुरेसे आले नाही, ‘ओई’ म्हणजे पाणी बाहेर गेले नाही, ‘यूई’ म्हणजे पिळताना तोल साधला नाही. सॅमसंगच्या बऱ्याच मशीनवर पाणी न येण्यासाठी ‘४सी’ आणि पाणी न जाण्यासाठी ‘५सी’ दिसते. कंपनी आणि मॉडेलनुसार कोड बदलतात, त्यामुळे आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहावी. ती हरवली असेल तर मॉडेल क्रमांक टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर शोधता येते. कोड दिसताच मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. मशीन बंद केल्यावर तो बहुधा पुसला जातो.

पाणीच भरत नसेल तर?

आधी साध्या गोष्टी: नळ पूर्ण उघडा आहे का, नळी मुडपलेली नाही ना, झाकण नीट लागले आहे का. त्यानंतर पाहायची ती नळी मशीनला जिथे जोडली जाते तिथली छोटी जाळी. टाकीतला गाळ, पाइपातला गंज आणि क्षार तिथे साठतात. नळ बंद करावा, प्लग काढावा, नळी सोडवून जाळी पकडीने अलगद बाहेर काढावी आणि जुन्या टूथब्रशने धुवावी. टाकी साफ झाल्यावर किंवा पाणीपुरवठा बंद राहून पुन्हा सुरू झाल्यावर हे हमखास करावे, कारण त्या वेळी गाळ सुटून वाहत येतो.

जाळी स्वच्छ असूनही पाणी येत नसेल, तर बादलीची चाचणी करावी. नळीचे मशीनकडचे टोक बादलीत सोडून नळ उघडावा. धार जोरात असेल, तर दोष मशीनच्या व्हॉल्व्हमध्ये असण्याची शक्यता जास्त. धारच बारीक असेल, तर मशीन निर्दोष आहे. प्रश्न घरातल्या पाण्याच्या दाबाचा आहे.

इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर हे विशेष घडते. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दर एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार. बऱ्याच मशीनना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकीतले पाणी नळापासून ३ ते ५ मीटर उंच हवे. शेवटच्या मजल्यावर हा फरक जेमतेम ३-४ मीटर भरतो आणि टाकी अर्धी झाली की आणखी घटतो. मग एकाच इमारतीत खालच्या मजल्यावर तेच मॉडेल वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते आणि वर मात्र दर आठवड्याला कोड येतो. अशा घरात व्हॉल्व्ह कितीही वेळा बदलला तरी उपयोग नाही. तिथे प्लंबरकडून दाब वाढवणारा छोटा पंप बसवणे किंवा टाकी भरलेली असताना मशीन लावणे, हाच उपाय.

पाणी बाहेर का जात नाही?

आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोड मशीनमध्ये पाणी सोडण्यासाठी पंप नसतो. व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी उतारानेच वाहून जाते. अशा मशीनची ड्रेनची नळी जमिनीलगत, उतरतीच असायला हवी. ती बेसिनमध्ये वर चढवली, उंबऱ्यावरून नेली किंवा परस्पर जोडून लांबवली, तर पाणी आतच अडते. नळीचे टोक मोरीच्या जाळीत खोलवर खुपसले आणि ते पाण्यात बुडून राहिले, तरी निचरा मंदावतो. पंप असलेल्या मॉडेलमध्ये नळी किती उंच न्यायची, ते पुस्तिकेत दिलेले असते.

नळी ठीक असेल तर अडथळा आत असतो: नाणे, सेफ्टी पिन, केसांची पिन, लहान मुलांचा मोजा. यातले काही व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकले, तर उलटाच प्रकार होतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पाणी भरता भरता वाहून जाते आणि मशीन तासभर पाणीच घेत राहते. मोरीत सतत बारीक धार दिसली की हे ओळखावे. खिसे रिकामे करणे ही या मशीनची सर्वांत स्वस्त देखभाल आहे, ती यासाठीच.

पिळताना मशीन नाचते, ते का?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. ड्रमची त्रिज्या २५ सेंटिमीटर आणि वेग मिनिटाला ७०० फेरे धरला, तर एका बाजूला साचलेला एक किलोचा ओला कपडा ड्रमला सुमारे १३५ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतो. म्हणून तोल बिघडल्याचे जाणवताच मशीन थांबते, पुन्हा पाणी घेते आणि कपडे पसरवून पाहते. ‘मशीन सारखे पाणीच घेते’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असते.

एकटी जाड चादर, एकच जीन्स किंवा पायपुसणे लावले की तोल जातोच. सोबत दोन-चार कपडे टाकावेत. याउलट ड्रम दाबून भरला, तर कपडे फिरतच नाहीत. वर वीतभर जागा राहायला हवी. मशीनची ६ किंवा ७ किलोची क्षमता कोरड्या कपड्यांची असते, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर पाहायची ती मशीनची पातळी. मोबाइलमधले लेव्हल दाखवणारे अ‍ॅप मशीनच्या सपाट कडेवर ठेवून ती तपासता येते. पाय फिरवून चारही कोपरे टेकवावेत. कर्णाच्या दोन टोकांवर हाताने दाब देऊन मशीन डुलत नाही, याची खात्री करावी. न्हाणीघराच्या फरशीला उतार असतो आणि चाकांच्या स्टँडवर ठेवलेले मशीन हळूहळू सरकते, त्यामुळे ही तपासणी अधूनमधून करावी लागते. भार आणि पातळी दोन्ही ठीक असूनही ड्रम बाहेरच्या पत्र्यावर आपटत असेल, तर त्याला तोलून धरणारे चार सस्पेन्शन रॉड थकलेले असू शकतात. ते काम मेकॅनिकचे.

रेनकोट, ताडपत्री, गादीचे जलरोधक आवरण यांच्याबाबत जास्त काळजी घ्यावी. यांच्यातून पाणी निघत नाही, ते झोळीसारखे साचते आणि वेग वाढल्यावर एकदम सरकते. हा धोका नुसता कागदावरचा नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीन परत बोलावली. पिळताना जोराच्या कंपनांनी वरचा भाग सुटण्याचा धोका त्यात आढळला होता. तोवर चादरी, अवजड आणि जलरोधक कपडे कमी वेगाच्या प्रोग्रॅमवरच धुवावेत, असे त्या ग्राहकांना सांगण्यात आले. त्या दोषाचा आपल्या मशीनशी संबंध नसला, तरी जलरोधक कपडे मशीनमध्ये पिळू नयेत ही सूचना बहुतेक पुस्तिकांत असते.

मोटर गुणगुणते, पण ड्रम फिरत नाही?

आधी निम्मे कपडे काढून पाहावे. तरीही तेच होत असेल, तर पल्सेटरखाली काही अडकले आहे का, हे हाताने चकती फिरवून कळते. अर्थात प्लग काढूनच. चकती खरखरत किंवा अडकत फिरली, तर खाली नाणे किंवा पिन असू शकते. चकती मोकळी फिरते, पण मोटर नुसतीच गुणगुणते, तर कपॅसिटर किंवा पट्टा, म्हणजे बेल्ट, यांपैकी एक संशयित. हे दोन्ही भाग मोटर किंवा बोर्डच्या तुलनेत स्वस्त असतात. म्हणून ‘मोटर गेली’ असे निदान ऐकले की ‘कपॅसिटर आणि बेल्ट तपासले का?’ एवढे जरूर विचारावे.

कपड्यांवर काळे कण, पांढरे डाग कशाचे?

आतला ड्रम आणि बाहेरचा टब यांच्यामधली जागा डोळ्यांना दिसत नाही. तिथे न विरघळलेली पावडर, कपड्यांचे तंतू, मळ आणि बुरशी यांचा थर चढतो. तोच सुटून काळ्या-करड्या कणांच्या रूपात कपड्यांवर येतो. कुबट वासही त्याचाच. बोअरवेल आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हे लवकर होते. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतात, म्हणून फेस होत नाही. मग पावडर वाढवली जाते आणि थर आणखी जाड होतो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात एकूण काठिण्याची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेले पाणीही मशीनसाठी बरेच जड असू शकते.

उपाय तीन. पावडर मोजून आणि मशीनसाठीचीच वापरावी. हाताने धुण्याच्या पावडरीचा फेस निचऱ्याला आणि पातळीच्या सेन्सरला अडचण करतो. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर ‘टब क्लीन’ लावावे. तो प्रोग्रॅम नसेल, तर सर्वांत जास्त पाण्याचा, सर्वांत लांब प्रोग्रॅम निवडावा आणि सोबत कंपनीने सुचवलेली क्षार काढणारी पावडर टाकावी. तिसरे, धुणे झाल्यावर झाकण काही तास उघडे ठेवावे आणि तंतू अडकणारी जाळीची पिशवी दर दोन-तीन धुण्यांनी साफ करावी. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही एकत्र टाकू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

कुठे थांबायचे?

मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर तपासणी तिथेच संपली. आधी मेन स्विच किंवा एमसीबी बंद करावा, मगच प्लग काढावा. ओली जमीन, अनवाणी पाय आणि पत्र्याचे मशीन यांच्या संयोगात अर्थिंग हीच सुरक्षा असते. आधी इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी घरात नसेल तर बसवून घ्यावा. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या जोडणीत घुसवणे म्हणजे ही सुरक्षा स्वतःहून काढून टाकणे.

जळकट वास, धूर, बोर्डवर पाणी, उंदरांनी कुरतडलेल्या वायर, रेल्वे गेल्यासारखा घरघराट करणारे बेअरिंग ही कामेही घरची नाहीत. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहू शकतो, त्यामुळे व्हिडीओ पाहून मागचे पॅनेल उघडू नये. वॉरंटीच्या काळात तर नकोच. जाळ्या धुणे, पातळी लावणे, टब क्लीन ही पुस्तिकेतच सांगितलेली ग्राहकाची कामे आहेत; पॅनेल उघडणे हे नाही.

सर्व्हिस सेंटरचा नंबर कुठून घ्यावा?

इंटरनेटवर शोधून वर दिसणाऱ्या पहिल्या नंबरावर फोन करणे टाळावे. नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट ‘कस्टमर केअर’ क्रमांक पसरवून फसवणूक होते. पाच-दहा रुपये ‘नोंदणी शुल्क’ भरायला लिंक येते किंवा स्क्रीन दाखवणारे अ‍ॅप उतरवायला सांगितले जाते आणि खाते रिकामे होते. नंबर मशीनवरच्या स्टिकरवरून, पुस्तिकेतून किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवावे.

मेकॅनिक येण्याआधी व्हिजिट चार्ज किती, हे विचारावे. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्यावा, पावतीवर भागाचे नाव आणि दुरुस्तीची हमी लिहून घ्यावी. ‘मोटरवर १० वर्षे वॉरंटी’ या जाहिरातीचा अर्थ बहुतेकदा फक्त मोटर हा भाग मोफत, असा असतो. बोर्ड, मजुरी आणि भेटीचे शुल्क त्यात धरलेले असतेच असे नाही.

तक्रार कुठे करावी, कायदा काय म्हणतो?

कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यातूनही मार्ग निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि वकील असणे बंधनकारक नाही. कोडचा फोटो, पावत्या आणि मेकॅनिकने लिहून दिलेले निदान इथे पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

भाग मिळण्याचा प्रश्न मात्र यापेक्षा मोठा आहे. वाहन क्षेत्रात सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजना न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. घरगुती उपकरणांसाठी असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे भाग, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान १० वर्षे उपलब्ध ठेवणे आणि १५ कामकाजाच्या दिवसांत पोहोचवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे सात-आठ वर्षांच्या चांगल्या मशीनचा बोर्ड ‘आता येत नाही’ म्हणून संपूर्ण मशीन भंगारात जाते, ही तफावत इथे आहे.

दुरुस्त करावे, की नवे घ्यावे?

ढोबळ ठोकताळा असा, की दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक असेल आणि मशीन आठ-दहा वर्षांचे असेल, तर नव्याचा विचार करावा. व्हॉल्व्ह, बेल्ट, कपॅसिटर, ड्रेन मोटर, सस्पेन्शन रॉड यांसाठी सहसा मशीन बदलायची गरज नसते. बेअरिंग, गिअर आणि बोर्ड यांच्यासाठी मात्र दुसरा अंदाज जरूर घ्यावा. बोर्ड दुरुस्त करून देणारे कारागीर बहुतेक शहरांत आहेत आणि ते नव्या बोर्डपेक्षा स्वस्त पडतात.

जुने मशीन काढायचेच असेल, तर ते ई-कचरा आहे, हे विसरू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. त्यामुळे कंपनीची परतावा योजना किंवा अधिकृत संकलन केंद्र यांची चौकशी करावी. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणाला गेल्याची नोंद आहे. एका जाळीतला गाळ न काढल्यामुळे भंगारात गेलेले मशीन या ढिगातच भर घालते. दुरुस्तीचे गुण मशीनच्या खोक्यावर छापले जातील तेव्हा जातील. तोवर मशीन कोणत्या टप्प्यावर थांबले, हे पाहण्यासाठी दिलेली दहा मिनिटे ग्राहकाच्या हातात आहेत.